पुढे कोण खेळणार?

(द्वितीय वर्ष, कला)

कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. चहाच्या गाड्याभोवती उभ्या असलेल्या चार माणसांपैकी तिघे तेथल्या तेथे संघ निवडून देतात आणि चौथा कालच्या सामन्यात कोणाला बसवायला हवे होते ते सांगतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे येथे आडनावांसारखी चालतात. तालमी मुळात कुस्तीच्या. पण लाल माती अंगाला लागलेल्या या पेठांनी फुटबॉलला असे काही जवळ केले, की आता ‘तालीम’ म्हटले की पुष्कळांना पैलवानाआधी फॉरवर्ड आठवतो. अशा गावातल्या कॉलेजच्या अंकात फुटबॉलवर लेख लिहायचा म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. त्यातून मी पेठेतला नव्हे. कागल तालुक्यातल्या आमच्या गावी कुस्ती आणि कबड्डी. फुटबॉल मी अकरावीला येथे आलो तेव्हा प्रथम नीट पाहिला. बाहेरून आलेल्याला कधीकधी घरच्यांना न दिसणारे काही दिसते, एवढ्याच आधारावर हे लिहीत आहे.

संघनिवडीची सारी चर्चा अखेर एका प्रश्नावर येते : पुढे कोण? आणि उत्तरही ठरलेले असते. गेल्या हंगामात ज्या दोघांनी सर्वांत जास्त गोल केले ते दोघे. ऐकायला हे इतके रास्त वाटते, की त्यावर शंका घेणारा वेडा ठरावा. मला मात्र हे उत्तर पटत नाही. का पटत नाही ते सांगायला थोडे मागून, अगदी बॅकपासून सुरुवात करावी लागेल.

प्रथम आकड्यांविषयी. चार-चार-दोन म्हणजे काय, हे विचारायची मला पहिले वर्षभर लाज वाटत होती. ज्या वाचकांना अजून वाटत असेल त्यांच्यासाठी सांगतो. गोलरक्षक सोडला की दहा खेळाडू उरतात. ते मागून पुढे मोजायचे : चार बचावाला, चार मध्ये, दोन आघाडीला. एवढेच ते गूढ. १८७२ साली ग्लासगोला इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा इंग्लंडचे सात-आठ खेळाडू आघाडीलाच होते. गोल मात्र दोन्ही बाजूंनी एकही झाला नाही. सारेच नवरदेव, मग वरातीत नाचणार कोण? पुढे दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड ही मांडणी कितीतरी वर्षे चालली. १९२५ साली ऑफसाइडचा नियम सैल झाला. पूर्वी चेंडू पुढे दिला जाताना फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत, ते दोन पुरेसे झाले. फॉरवर्ड मोकाट सुटले. त्यांना आवरायला आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधला हाफ मागे ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभा केला. आपण ज्याला स्टॉपर म्हणतो तो असा रुळला.

या स्टॉपरला लक्षात ठेवावे. कारण फॉरवर्डांची जोडी निवडायची म्हणजे खरे पाहता या माणसाला काय आवडत नाही ते शोधायचे.

त्याला काय आवडते ते सोपे आहे. एखादा फॉरवर्ड त्याच्या अंगाला खेटून उभा असावा, चेंडू उंच यावा, आणि दोघांनी उडी मारावी. तो दिवसभर हे करील. पण तोच फॉरवर्ड त्याला सोडून पंधरावीस पावले मागे, आपल्याच हाफांकडे निघून गेला, तर? त्याच्या मागे जावे, तर गोलसमोरची जागा मोकळी पडते. न जावे, तर तो फॉरवर्ड निवांत चेंडू घेतो, वळतो, आणि तोंड गोलकडे करून पुढे येतो. दोन्हीकडून मरण. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीच्या नांदोर हिडेगकुटीने इंग्लंडचा स्टॉपर हॅरी जॉन्स्टन याची नेमकी हीच गत केली. हिडेगकुटीच्या पाठीवर नऊ आकडा होता. त्या काळी नऊ म्हणजे सर्वांत पुढे खेळणारा माणूस. हा नऊ मागे खेळत होता आणि पुश्काश, कोचिश हे त्याच्या पुढे धावत होते. जॉन्स्टनला धरायचे कोणाला हेच उमगेना. सामना हंगेरीने सहा-तीन जिंकला. हिडेगकुटीचे त्यात तीन गोल होते. पुढच्या मे महिन्यात इंग्लंड बुडापेस्टला परतभेटीला गेले, तेव्हा सात-एक.

यातून जोडीचे मर्म समजते. एकाने यायचे आणि दुसऱ्याने जायचे. पहिला मागे आला की त्याच्याबरोबर एक बचावपटू ओढला जातो. ओढला जाताना त्याच्या पाठीमागे जो तुकडा मोकळा पडतो, फार तर दहा पावलांचा आणि दोन सेकंदांपुरता, तेथे दुसऱ्याने तिरके शिरायचे. आधी शिरला तर ऑफसाइड, उशिरा शिरला तर दुसरा बॅक तेथे पोचलेला. सरळ पळाला तर चेंडू पाठीमागून येतो आणि मान वळवून घ्यावा लागतो; तिरका पळाला तर चेंडू आणि गोल दोन्ही नजरेत राहतात. दोघे एकदम आले तर पुढे कोणीच नाही. दोघे एकदम गेले तर मधली फळी आणि आघाडी यांच्यात एवढे अंतर पडते, की तेथे हरभरा पेरता येईल. कडेने चेंडू आला तरी हाच न्याय : एकाने जवळच्या खांबाकडे झेपावायचे, दुसऱ्याने लांबच्या खांबाशी थांबायचे. जवळच्याकडे झेपावणाऱ्याला चेंडू दहांतून एकदा मिळतो. उरलेल्या नऊ वेळा तो फक्त बॅकला घेऊन जातो.

सर्वांत जास्त गोल करणारे दोघे बहुधा एकाच जातीचे असतात. दोघेही ‘जाणारे’. दोघांनाही चेंडू त्याच दहा पावलांत हवा असतो. आमच्या संघात गेल्या वर्षी हेच झाले. दोन वेगवेगळ्या तालमींचे दोन नामांकित फॉरवर्ड आम्हाला लाभले. कागदावर असा संघ कॉलेजला कैक वर्षांत मिळाला नव्हता. प्रत्यक्षात दोघे पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी खांद्याला खांदा लावून उभे राहत आणि एकमेकांकडे रागाने बघत. प्रतिस्पर्ध्यांचे दोन स्टॉपर त्या सामन्यांत घामाघूम झालेले मला आठवत नाहीत. आमचे हाफ मात्र चेंडू कोणाला द्यावा या विवंचनेत हैराण झाले होते.

या ‘जोडी’ शब्दाने एक घोटाळा होतो असे मला वाटते. आमच्या घरी जोडी म्हणजे बैलांची. बैल घेताना आबा उंची बघतात, चाल बघतात, वय बघतात. सारखे असले तरच जोडी. एक उंच आणि एक ठेंगणा असला, की जू कलते आणि सारा भार ठेंगण्याच्या मानेवर येतो. फुटबॉलची जोडी याच्या उलट आहे. तेथे सारखे दोघे मिळाले की गाडा अडला. कबड्डीत मात्र हे आम्हाला कोणी न शिकवता कळत होते. कोपऱ्यावरच्याने घोटा धरायचा आणि आतल्याने अंगावर यायचे. दोघेही घोट्याला गेले तर चढाई करणारा दोघांच्या डोक्यावरून रेषा गाठतो.

मी स्वतः ‘येणारा’ आहे. बदली खेळाडू म्हणून संघात होतो. एका सुटीत घरी गेलो असता आबांनी विचारले, “किती गोल मारलास रं?”

“एकबी न्हाई, आबा.”

“मग दीड तास काय करत व्हतास?”

“दुसऱ्याला वाट करून देत व्हतो.”

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे नांगर तू वढायचा आन् पेरणी त्येनं करायची व्हय?” घरात मोठा हशा झाला. आबांनी सहज विचारलेल्या या प्रश्नाला फुटबॉलच्या इतिहासातही सरळ उत्तर नाही. १९६६ चा विश्वचषक घ्या.

इंग्लंडचा जिमी ग्रीव्हज हा त्या काळातला गोल करण्यात अत्यंत निष्णात खेळाडू. इंग्लंडसाठी सत्तावन्न सामन्यांत चव्वेचाळीस गोल ही त्याची कारकीर्द. साखळीत फ्रान्सविरुद्ध त्याच्या पायाला जखम झाली. उपान्त्यपूर्व सामन्यात त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि अर्जेंटिनाविरुद्धचा एकमेव गोल त्यानेच केला. अंतिम सामन्यापर्यंत ग्रीव्हज बरा झाला होता. त्या वेळी विश्वचषकात बदली खेळाडूची सोय नव्हती, त्यामुळे अकरांत नाही तो सामन्यातच नाही. सारे इंग्लंड ग्रीव्हजचे नाव घेत होते. प्रशिक्षक आल्फ रॅम्से यांनी हर्स्ट आणि रॉजर हंट ही जोडी कायम ठेवली. इंग्लंडने पश्चिम जर्मनीला चार-दोन हरवले, आणि हर्स्टने तीन गोल केले.

हर्स्टच्या तीन गोलांमुळे ही गोष्ट ‘रॅम्सेंनी योग्य नग निवडला’ अशी सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. रॅम्सेंनी विंगर काढून टाकलेले होते. कडेची जागा मोकळी. तेथे कोणीतरी पळायला हवे, मागून आलेला लांब चेंडू कोणीतरी छातीवर घेऊन हाफ येईपर्यंत धरून ठेवायला हवा. ग्रीव्हजचा खेळ चेंडू गोलजवळ आल्यावर सुरू होई. हर्स्ट अंगाने दणकट, डोक्याने चांगला. हंट न थकता धावणारा. म्हणजे मांडणी आधी ठरली आणि त्या मांडणीला जोडी हवी होती. हंटने साखळीत तीन गोल केले होते, तरी त्याला संघात का ठेवतात असे विचारणारे पुष्कळ होते. त्याचे धावणे वर्तमानपत्रात छापण्यासारखे नव्हते. ग्रीव्हजच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्या वेळी पदके मैदानात खेळलेल्या अकरांनाच मिळत. ग्रीव्हजच्या हाती ते पदक आले २००९ साली, त्रेचाळीस वर्षांनी. निवड बरोबर असली तरी कोणाच्या तरी गळ्याशी येतेच. पण ती निदान खेळ बघून केलेली असावी, एवढीच माझी मागणी आहे.

ही मागणी करण्याचे कारण माझा एक मित्र आहे. मला जे थोडेबहुत कळते ते त्याच्यामुळे. तोही खेड्यातला, कोणत्याही तालमीचा नव्हे. पाठीला स्टॉपर घेऊन तो चेंडू असा एका स्पर्शात बाजूला ठेवी, की दुसऱ्याने फक्त पाय लावावा. त्याच्याशेजारी खेळलेला प्रत्येक फॉरवर्ड चांगला ठरला. निवड चाचणीत वीस-वीस मिनिटांचे डाव होतात आणि हातातल्या कागदावर गोल मांडले जातात. त्याच्या नावापुढे सलग दोन वर्षे शून्य पडले. ज्यांच्या नावापुढे आकडे पडले त्यांतले निम्मे गोल त्याच्या पायातून निघाले होते, पण त्यासाठी कागदावर रकानाच नव्हता. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन तो निघून गेला. संघात असता तर राहिला असता, असे मी म्हणत नाही. घरची ओढाताण होतीच. पण संघाचा रेल्वे-एसटीचा खर्च, बूट, न्याहारी आणि ‘कॉलेजचा खेळाडू’ हे शब्द यांना त्याच्या घरी काय किंमत होती ते मला माहीत आहे. आता तो गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला जातो.

असो. जोडीचा प्रश्न मांडणीपासून सुटा करता येत नाही, हे अजून थोडे सांगितले पाहिजे. दोन फॉरवर्ड ही चैन आहे आणि तिची किंमत मधली फळी मोजते. ४-४-२ मध्ये मैदानाच्या ऐन मध्यभागी आपले दोनच हाफ असतात. समोरच्याने तेथे तीन ठेवले, की चेंडू त्यांच्याकडे राहतो आणि आपले दोघे फॉरवर्ड पुढे उभे राहून सामना बघतात, तेही फुकट. म्हणून अलीकडे पुष्कळ संघ एकच फॉरवर्ड ठेवतात. दोन हवेच असतील तर त्यांतल्या ‘येणाऱ्या’ने चेंडू गेला की तिसरा हाफ व्हायला हवे. दुसरा मार्ग ३-५-२ चा. त्यात मध्ये माणसे मिळतात. पण दोन्ही कडांना असे दोघे लागतात की जे या गोलपासून त्या गोलपर्यंत सारा सामना धावतील. कॉलेजच्या मुलांत अशी छाती क्वचित असते. नसेल तर ती मांडणी टीव्हीवर कितीही देखणी दिसो, आपण तिच्या नादी लागू नये.

आपल्याकडे जे आहे त्यातून मांडणी काढण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक. २०२४ च्या ‘मैदान’ चित्रपटामुळे आता त्यांचे नाव सर्वांना ठाऊक झाले आहे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांचा संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून शून्य-दोन हरला. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेल सिंग या आपल्या भरवशाच्या स्टॉपरच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी उपान्त्य आणि अंतिम सामन्यात त्यालाच सेंटर फॉरवर्ड केले. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम असे तिघे चपळ, तंत्रशुद्ध फॉरवर्ड असताना हा बचावपटू पुढे कशाला? मला वाटते, नेमके त्याचसाठी. त्या तिघांना मोकळे सोडायचे, तर कोरियाचा बचाव अंगावर घेणारा एक धिप्पाड माणूस हवा होता. उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला. अंतिम सामन्यात त्याच कोरियाविरुद्ध सतराव्या मिनिटाला पी. के. आणि विसाव्या मिनिटाला जर्नेल असे दोन गोल झाले, आणि भारताने दोन-एक असे सुवर्णपदक घेतले. एकाच स्पर्धेत तोच संघ, तीच माणसे. फक्त पुढची रचना बदललेली.

अलीकडचे बघायचे तर २०२२ चा कतारचा विश्वचषक. त्या वेळी आपल्या पेठापेठांतून मेस्सीचे उंचच उंच फलक लागले होते. पण मेस्सीशेजारी कोण, हा प्रश्न अर्जेंटिनाला दोन सामने भोवला. लौतारो मार्टिनेझ हा गोलसमोर थांबणारा नावाजलेला फॉरवर्ड. त्याला घेऊन ते सौदी अरेबियाकडून एक-दोन हरले. तिसऱ्या सामन्यापासून प्रशिक्षक स्कालोनी यांनी बावीस वर्षांच्या हुलियान आल्वारेझला सुरुवातीपासून खेळवले. मेस्सी चालतो तेव्हा त्याच्या वाटचे धावणे कोणीतरी धावले पाहिजे; ते आल्वारेझ धावला. त्याचेही चार गोल झाले, त्यांतले दोन क्रोएशियाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात. मांडणी तर स्कालोनी सामन्यागणिक बदलत होते : नेदरलँड्सविरुद्ध मागे पाच, क्रोएशियाविरुद्ध मध्ये चार, फ्रान्सविरुद्ध अंतिम सामन्यात डाव्या कडेला डी मारिया. मेस्सी आणि आल्वारेझ ही जोडी मात्र तिन्ही सामन्यांत सुरुवातीपासून होती.

आता आमच्या संघाकडे येतो. यंदा आमच्याकडे तीन चांगले हाफ आहेत, उजव्या कडेला एक वाऱ्यासारखा पळणारा मुलगा आहे, डाव्या कडेला कोणीच नाही. गोल करणारे तेच दोघे आहेत. माझ्या अल्पमतीप्रमाणे ४-४-२ च घ्यावी, पण तिसऱ्या हाफला डाव्या कडेचे नाव देऊन आत खेळू द्यावे; आणि त्या दोघांपैकी ज्याचा पहिला स्पर्श मऊ आहे त्याला ‘येणारा’ करावे. तो कुरकुरेल. त्याचे गोल निम्म्यावर येतील. तालमीतली माणसे त्याला विचारतील. म्हणून निवडीच्या कागदावर गोलाच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा, असे मी जिमखान्याकडे लेखी दिले आहे : गोलाच्या आधीचा चेंडू कोणाचा होता. त्याच्याही आधी बॅकला कोणी ओढून नेले, हे लिहायला तिसरा रकाना लागेल. पण तेवढे मागायचे धैर्य यंदा झाले नाही.

शाहू स्टेडियमवर सामन्याला गेलात तर एक करून बघा. मध्यरेषेजवळची जागा सोडून गोलच्या मागच्या बाजूला बसा. तेथून अंतर नीट दिसते. मग पाच मिनिटे चेंडूकडे न बघता, ज्याच्याकडे चेंडू नाही त्या फॉरवर्डकडे बघा. तो कधी निघतो, निघताना मागे वळून बघतो का, त्याच्याबरोबर कोण जाते, आणि तो जेथून निघाला तेथे नंतर कोण येते. पहिल्या दिवशी हे जमत नाही. डोळे चेंडूकडेच पळतात. मला तीन सामने लागले होते.